गोव्यातला विजय, ब्रुसेल्सचा माग

१५३८ च्या डिसेंबरात गोव्याहून दीवकडे निघालेलं पोर्तुगीज आरमार वसईच्या आसपास होतं. त्यातल्या एका जहाजाचा कप्तान दों जुआंव द कास्त्रू रोजच्या शिरस्त्याप्रमाणे होकायंत्राची मापं घेत होता. आकडे जुळेनात. त्याने जागा बदलून पुन्हा मापं घेतली आणि निष्कर्ष काढला, की इथला खडकच सुईला ओढतो आहे. जवळच्या खडकांमुळे होकायंत्र चळतं ही गोष्ट नोंदवणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्याचं नाव घेतात. त्याच सफरीत त्याने घारापुरीची लेणी पाहिली आणि बारकाईने लिहून ठेवली. गोवा ते दीव हा सगळा किनारा, त्यावरची बंदरं, खाड्यांची तोंडं, पाण्याची खोली, हे सारं त्याच्या वहीत आलं.

मी भाईंदरला राहते. उत्तनच्या पुढे चौकच्या धक्क्यावर उभं राहिलं, की समोर खाडीचं तोंड आणि पलीकडे वसईच्या किल्ल्याचा तट दिसतो. कास्त्रूने मापलेलं पाणी हेच. म्हणून या माणसाचं दुसरं चित्र जेव्हा माझ्यासमोर आलं, तेव्हा ते मला सोडवेना. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये दहा प्रचंड टॅपेस्ट्री आहेत. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर ब्रुसेल्सच्या मागांवर विणलेल्या. विषय : दों जुआंव द कास्त्रूचे पराक्रम. दीवचा वेढा फोडणं, आणि १५४७ मध्ये गोव्यात त्याने केलेला विजयी प्रवेश. आपल्या किनाऱ्यावर घडलेली एक दरबारी मिरवणूक लोकर, रेशीम आणि जरीत विणून युरोपात टांगली गेली, आणि वसई-भाईंदरच्या माणसाला तिचा पत्ता नाही.

व्हिएन्नाला मी गेलेले नाही. हे पट मी पुस्तकांतल्या मोठ्या छायाचित्रांतून पाहिले आहेत. पण टॅपेस्ट्री म्हणजे काय हे मला हाताने ठाऊक आहे, कारण माझं माहेर येवल्याचं आणि आजोबा पैठणीचे विणकर. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. पैठणीच्या पदरावर मोर उठतो तो भरतकामाने नाही आणि छापाईनेही नाही. बाण्याचा धागा काठापासून काठापर्यंत सलग जातच नाही. मोराच्या मानेचा निळा धागा मानेपुरताच जातो, शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. एका ओळीत कितीतरी कांड्या लोंबत असतात आणि विणकर प्रत्येकीला तिच्या हद्दीपर्यंत नेऊन आणतो. म्हणून खऱ्या हातमागाच्या पदराची उलटी बाजू सुलटीसारखीच दिसते. दादा गिऱ्हाइकापुढे पदर आधी उलटा टाकायचे. फ्रान्समधल्या आणि फ्लँडर्समधल्या टॅपेस्ट्रीचं तंत्र मुळात हेच आहे. तिथे ताणा जाड लोकरीचा असतो आणि बाण्याखाली पूर्ण झाकला जातो. दोन रंगांच्या हद्दीवर कधी चीर ठेवून ती नंतर शिवतात. हे तंत्र समजलं, की त्यातला दरबार कसा वाचायचा याची अर्धी वाट आपोआप सापडते.

लेकीकडे पॅरिसला गेले तेव्हा टॅपेस्ट्री विणणारा गोब्लँचा कारखाना पाहिला. माग उभा आणि विणकर पटाच्या मागे बसतो. त्याच्या हातासमोर पटाची पाठ असते. पुढची बाजू कशी येते आहे ते तो पलीकडे लावलेल्या आरशात पाहतो. वर्षभरात जेमतेम एक चौरस मीटर कापड होतं. ब्रुसेल्समध्ये आणि पुढे फ्रान्समधल्या बोव्हेत आडवे माग जास्त. त्यात चित्राचा कागद ताण्याखाली पसरलेला असतो आणि विणकर वरून पाठ विणत जातो. कापड मागावरून उतरवून पालथं केलं, की चित्र उलटं झालेलं असतं. चित्रकाराने हे आधी लक्षात घेतलं नसेल तर सगळा दरबार डावखुरा होतो. डाव्या हाताने आशीर्वाद देणारा साधू किंवा डाव्या हाताने तलवार उपसणारा सरदार दिसला, तर त्यात गूढ अर्थ शोधायच्या आधी मागाकडे बघावं. रफाएलने सिस्टीन चॅपेलसाठी काढलेले मोठे कागद लंडनला आहेत आणि त्यांवरून ब्रुसेल्सला विणलेले पट रोमला. दोन्ही शेजारी ठेवले तर एक दुसऱ्याचं आरशातलं रूप आहे.

रंगांचंही तेच. जुन्या फ्रेंच पटांतली झाडं निळी असतात. पहिल्यांदा पाहणारा समजतो, की काय ही स्वप्नाळू कल्पना! विणली तेव्हा ती हिरवी होती. हिरवा रंग करायला आधी निळ्यात आणि मग पिवळ्यात बुडवायचं. पिवळा वनस्पतीचा, उजेडाने उडून जातो, निळा टिकतो. चारशे-पाचशे वर्षांनी बागा निळ्या पडतात. पाठीवर उजेड पडलेला नसतो, म्हणून तिथे पान अजून हिरवं सापडतं. युरोपातला हा निळा बहुतेक तिथल्याच एका रोपाचा. आपली नीळ गुजरातेतून पोर्तुगीज जहाजांनी तिकडे जायला लागली, तेव्हा ते रोप पिकवणाऱ्यांचं धाबं दणाणलं आणि १६०९ मध्ये फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने नीळ वापरणाऱ्याला थेट देहदंड सांगितला. ज्या गुजरातच्या सुलतानाशी कास्त्रू दीवला लढला, त्याच्याच मुलखातल्या सरखेजची नीळ नावाजलेली होती. पटाचा विषय आणि पटाचा रंग एकाच व्यापारी वाटेवर उभे आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता दरबार. दरबारी पट वाचताना मी आधी चेहऱ्यांकडे बघत नाही, निशाणांकडे बघते. पॅरिसच्या क्लुनी संग्रहालयात १५०० च्या सुमारास विणलेले सहा लाल पट आहेत. फुलांनी भरलेली लाल जमीन, मधोमध निळं बेट, त्यावर एक उंची कपड्यांतली स्त्री, एका अंगाला सिंह आणि दुसऱ्या अंगाला एकशिंगी घोडा. पाच पट पाच इंद्रियांचे. एकात ती छोटा हातऑर्गन वाजवते आणि दासी भाता चालवते. एकात घोडा आरशात स्वतःला पाहतो. एकात ती फुलांचा हार गुंफते आणि मागे माकड गुलाब हुंगतं. एकात ती दासीच्या ताटलीतून खाऊ उचलते आणि तिच्या डाव्या हातावर पोपट बसलेला असतो. (त्या पोपटापुढे मी बराच वेळ उभी राहिले. पैठणीच्या पदरावरची मुनिया इतक्याच धाग्यांत उभी करायची दादांची हातोटी होती.) सहाव्यात तंबूपुढे ती दागिना पेटीत ठेवते, की पेटीतून काढते, यावर विद्वानांचे वाद आहेत. बाकीच्या पाच पटांत तिच्या गळ्यात दागिना आहे आणि इथे गळा मोकळा, म्हणून मी ठेवते या बाजूची. पाच इंद्रियं भोगून झाल्यावर ती काहीतरी उतरवून ठेवते आहे.

पण हे सगळं ज्या निशाणाखाली चाललं आहे त्यावर तीन चंद्रकोरी आहेत. हे पट फ्रान्सच्या क्रज भागातल्या बुसाकच्या किल्ल्यात ओलीत पडलेले होते. लेखक प्रॉस्पेर मेरिमे याने १८४१ मध्ये त्यांची नोंद घेतली आणि लेखिका जॉर्ज सांदने त्यांवर लिहिलं. चंद्रकोरी पाहून तेव्हा लोकांनी एक सुरस गोष्ट जुळवली : त्याच भागात सेंट जॉनच्या धर्मसरदारांनी नजरकैदेत ठेवलेला जेम नावाचा तुर्की शाहजादा होता, त्याच्यासाठी हे विणलं असणार. चंद्रकोर दिसली, की तुर्क! प्रत्यक्षात त्या कोरी ल व्हिस्त घराण्याच्या. मूळचं लियोंचं, पॅरिसच्या न्यायदरबारात वर चढलेलं कायदेपंडितांचं घराणं. जुन्या सरदारांच्या पंगतीत बसायची त्यांना आस होती, म्हणून प्रत्येक पटावर निशाण पुन्हा पुन्हा फडकतं. त्या बाईचं मन कळायच्या आधी पैसे मोजणाऱ्याचं मन कळतं.

हेच सूत्र घेऊन ‘हिंदुस्थान’ विणणाऱ्या पटांकडे यावं. तुर्ने हे शहर आज बेल्जियममध्ये आहे, पण सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ते फ्रेंच राजाचं होतं. तिथल्या मागांवर पोर्तुगालच्या हौसेने ‘पोर्तुगाल आणि हिंदुस्थानच्या तऱ्हेचे’ पट विणले जात. वास्को द गामा कालिकतला पोहोचतो, राजा त्याला भेटतो, गलबतांपाशी चित्रविचित्र जनावरं. दुसऱ्या पटांत जिराफांची आणि उंटांची मिरवणूक. मलबारच्या किनाऱ्यावर जिराफ कुठून आला, असा प्रश्न विणकराला पडला नाही, कारण त्याच्यासाठी पूर्वेकडचं सगळं एकच होतं. पुढे चौदाव्या लुईच्या काळात गोब्लँमध्ये ‘इंडीज’ नावाची मालिका विणली गेली, १६८७ पासून. मूळ चित्रं डच चित्रकारांची, ब्राझीलमध्ये काढलेली; तिथला माजी डच गव्हर्नर योहान मॉरिट्स याने ती १६७९ मध्ये लुईला नजर केली. त्यात झेब्रा आहे, हत्ती आहे, खांद्यांवरून वाहून नेला जाणारा काळा राजा आहे, ब्राझीलची फळं आहेत. आफ्रिका, आशिया, अमेरिका एकाच झाडाखाली. ही मालिका दशकानुदशकं पुन्हा पुन्हा विणली गेली, इतकी की मूळ नमुने झिजले आणि १७३५ नंतर देपोर्त या चित्रकाराने नवे काढून दिले. फ्रेंच दरबाराला ‘इंडीज’ म्हणजे हे.

गोब्लँच्याच ‘राजाचा इतिहास’ या मालिकेतला एक पट मात्र मला वेगळा वाटतो. १५ ऑक्टोबर १६६७ रोजी लुई आपला मंत्री कोलबेर याला घेऊन कारखाना पाहायला आला, तो प्रसंग. राजा एका बाजूला आपल्या माणसांत ताठ उभा आणि बाकी सगळा पट कारागिरांनी भरलेला : चांदीची भांडी, जड टेबलं, गुंडाळलेले गालिचे उचलून आणताना वाकलेले, ताणलेले. दरबारी देखाव्यात विणकर स्वतः येण्याचे प्रसंग फार थोडे. इथे ते आले आहेत, ओझ्याखाली. राजाचा चित्रकार ल ब्रँ याने ही रचना राजाच्या वैभवासाठी केली हे मान्य. पण दंडांचे स्नायू विणताना पाठीमागे बसलेल्या माणसाने स्वतःकडेच पाहिलं असेल असं मला वाटतं, आणि या वाटण्याला माझ्याजवळ माहेरापलीकडे पुरावा नाही.

कास्त्रूकडे परत येते. १५४५ मध्ये तो गव्हर्नर म्हणून गोव्याला आला. १५४६ मध्ये गुजरातच्या सैन्याने दीवच्या किल्ल्याला वेढा घातला. वेढ्यात सुरुंग उडून त्याचा मुलगा फेर्नांदू मेला. कास्त्रू स्वतः आरमार घेऊन निघाला, वाटेत वसईला थांबला, माणसं आणि जहाजं जमवली आणि नोव्हेंबरात दीवला जाऊन वेढा मोडला. वसई तेव्हा बारा वर्षांपूर्वीच, १५३४ च्या तहात, त्याच गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांना मिळाली होती. साष्टीसह आजचं भाईंदर, घोडबंदर, उत्तन त्याच झोळीत गेलं. म्हणजे दीवला ज्या दोन सत्ता भिडल्या, त्या आमच्या गावचा जुना मालक आणि नवा मालक.

लढाईनंतर मोडलेला किल्ला बांधायला पैसे नव्हते. कास्त्रूने गोव्याच्या नगरसभेला पत्र लिहून वीस हजार पार्दांव नाण्यांचं कर्ज मागितलं. तारण म्हणून मुलाची हाडं पाठवायचा त्याचा विचार होता. प्रेत अजून हाडं काढण्याजोगं झालं नव्हतं, म्हणून त्याने आपल्या दाढीचे केस कापून पाठवले. हे पत्र पोर्तुगालमध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. आणि हाच माणूस पाच महिन्यांनी गोव्यात रोमन सेनापतीसारखा शिरला : डोक्यावर पानांचा मुकुट, हातात झावळी, पुढे ओढत नेलेलं खंबायतचं, म्हणजे गुजरातच्या सुलतानाचं, निशाण, जिंकलेल्या तोफा आणि बंदिवान सरदार जुझारखान. लिस्बनच्या राणीला ही हकीकत कळली तेव्हा तिने, जिंकणं ख्रिस्तीपणाने झालं पण मिरवणं मूर्तिपूजकाचं, अशा अर्थाचा शेरा मारला असं त्याचा सतराव्या शतकातला चरित्रकार सांगतो.

पटांनी राणीची ही शंका बाजूला सारली आणि मिरवणूकच विणली. दीवची लढाई आहे, पण मालिकेचा तोरा प्रवेशात आहे. एक मिरवणूक कितीतरी पटांवर पसरत जाते. ब्रुसेल्सच्या विणकरांनी गोव्याची मांडवी नदी पाहिली नव्हती. त्यांच्यासमोर लिहून आलेली हकीकत होती आणि विजय कसा दाखवायचा याचा तयार साचा होता, तो रोमचा. तुलना करायला दुसरं उदाहरण आहे. १५३५ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने ट्युनिस घेतलं, तेव्हा फेर्मेयेन नावाच्या चित्रकाराला त्याने सोबत नेलं होतं. त्याने जागेवर बसून रेखाटनं केली आणि त्यांवरून ब्रुसेल्सच्या पानेमाकरच्या मागावर १५४८ ते १५५४ मध्ये बारा पट विणले गेले. त्या पटांसाठी काढलेले बरेचसे मोठे कागद व्हिएन्नाच्या त्याच संग्रहालयात टिकले आहेत. तिथे किनाऱ्याची वळणं, छावण्या, पाण्याच्या जागा नकाशासारख्या येतात. त्या ट्युनिसच्या मोहिमेत कास्त्रूही होता. सम्राटाचा विजय कसा चित्रात जातो हे त्याच्या पिढीने जवळून पाहिलं होतं, आणि त्याच्या घराण्याच्या लौकिकाला तीच भाषा हवी होती. फक्त गोव्याला कुणी फेर्मेयेन आला नाही.

मला याचं वाईट वाटतं ते आपल्या किनाऱ्यासाठी. आलेला माणूस कास्त्रू स्वतःच होता, आणि त्याची नजर कोणत्याही चित्रकाराइतकी तयार होती. त्याच्या प्रवासवह्यांत बंदरांची रेखाटनं आहेत, खाडीचं तोंड, टेकडी, देऊळ, होडी. विजयाचे पट विणायची वेळ आली तेव्हा त्या वह्यांकडे बघायची कुणाला गरज वाटली नाही, कारण पटाला किनारा नको होता, मुकुट हवा होता. आणि मोजणारा माणूसही लुटीपासून लांब नव्हता. सिंत्र्याजवळच्या त्याच्या पेन्या व्हेर्द या बागेत गुजरातेतून नेलेला संस्कृत शिलालेख आहे, सोमनाथच्या एका प्रशस्तीचा, सारंगदेव वाघेल्याच्या काळातला. विजयात दगडही गेला आणि बागेची शोभा झाला.

या पटांतल्या जरीबद्दलही सांगायला हवं. सोन्याचांदीचा धागा हा अशा पटांचा मान, आणि तोच त्यांचा काळ. फ्रेंच क्रांतीनंतर, १७९७ मध्ये, सरकारने राजसंग्रहातले कितीतरी जरीचे पट धातू वितळवून काढण्यासाठी जाळले. वाचून माझ्या पोटात कालवलं, कारण येवल्या-पैठणच्या घरोघरी हेच झालं. जुनी पैठणी फाटली, की जर विकत घेणारा दारात यायचा. जाळल्यावर चांदी उरायची आणि तिच्यावर लग्नाचा खर्च भागायचा. पेशव्यांच्या पत्रांत असावलीच्या, म्हणजे वेलबुट्टीच्या, दुपट्ट्यांची मागणी रंगांसकट आहे, पण त्या कापडांतलं हाती किती राहिलं? म्हणून व्हिएन्नाचे दहाही पट शाबूत आहेत याचा मला, विषय कसाही असो, आनंदच आहे.

आमच्या किनाऱ्यावरचा दुसरा विजय १७३९ चा, चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली तो. घोडबंदर १७३७ मध्येच घेतलं होतं. धारावीचा डोंगर, म्हणजे आजच्या उत्तन-चौकचा, या मोहिमेत दोन्ही बाजूंनी जिवावर उदार होऊन लढवला, कारण तो हाती असला की खाडीचं तोंड हाती. मराठ्यांच्या दरबाराने हा विजय विणला नाही. त्यांनी चर्चच्या घंटा उतरवल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावरच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर, एक घंटा आहे १७०७ ची. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू उठावात आहेत आणि घाटावरचे लोक त्या घंटेला दोन-अडीचशे वर्षं हात लावत आले आहेत. त्याच वाड्याच्या भिंतींवर रंगवलेली चित्रं आहेत. आमच्या दरबाराने काय दाखवायचं ठरवलं आणि काय फक्त वाजवायचं ठरवलं, हे तिथे एका आवारात पाहायला मिळतं.

ब्रुसेल्सचे दहा पट, कास्त्रूच्या वह्या, वसईच्या घंटा आणि मेणवलीच्या भिंती एकत्र मांडून वाचणारा अभ्यास मला मराठीत हवा आहे. त्याला पोर्तुगीज लागेल, मोडी लागेल. आणि जो कोणी हाती घेईल, त्याने व्हिएन्नाचं तिकीट काढायच्या आधी येवल्यात एखाद्या मागापाशी दिवसभर बसून कांड्या कशा फिरतात ते बघून यावं. माझ्या माहेरच्या गल्लीत अजून माग चालू आहेत. ओळख मी करून देईन.